गवंड्याची पारख

“...पण महाराज, माणूस खरा आहे हे ओळखायचं कसं?”

भानपुरी महाराजांनी जपमाळ गुंडाळून ठेवली.

विचारणारा श्रीरंग मोहोळकर तालुक्याच्या कोर्टातून निवृत्त झालेला. उभ्या जन्मात आपल्याला कुणी फसवलं नाही, हा त्याचा मोठा अभिमान. दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. याचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी फुंकर चालूच.

घरी म्हातारी आई. संडास परसात, दगडी पायऱ्या उतरून जायचं. तिच्या खोलीला लागून मोरी आणि संडास बांधायचा, एवढंच काम होतं. विटा, वाळू, भांडं, नळ, सगळं अंगणात येऊन पडलं होतं. अडलं होतं गवंड्यापाशी.

गवंडी मिळत नव्हते असं नाही. एक फार गोड बोलला, म्हणून परत पाठवला. दुसरा बोललाच नाही, तो आतल्या गाठीचा वाटला. तिसऱ्याने उचल मागितली म्हणून तो लबाड, आणि चौथ्याने मागितली नाही म्हणून त्याच्यावर जास्तच संशय. एकाने बांधलेली मोरी तर श्रीरंग स्वतः जाऊन पाहून आला. पाणी झकास वाहत होतं, पण घरमालक निघाला गवंड्याचा साडू! असं करता करता वाळूत गवत उगवलं.

आता तो या टेकडीवरच्या मठात आला होता. महाराजांना माणसं कळतात, असं त्याने ऐकलं होतं.

“एक खूण सांगा,” तो म्हणाला. “बाकीचं मी बघतो.”

“आई काय म्हणते?”

“ती काही म्हणत नाही. तिची कधी तक्रारच नसते. अंधारात उतरायला भिते, म्हणून दिवे लागले की पाणी पीत नाही...”

तो थांबला. हे रोज त्याच्या डोळ्यांदेखत चाललं होतं, पण तोंडाने म्हटलं आज पहिल्यांदाच. आपल्या घरात आई तहानलेली झोपते, हे त्याला ऐकवेना.



...

दिवस कलला, तसे महाराज हातपाय धुवायला कुंडाकडे निघाले. गुडघे गेलेले. कुंडाच्या पायऱ्या शेवाळलेल्या. काठावर येऊन ते उभे राहिले.

श्रीरंग लगबगीने पुढे झाला. कोरडी पायरी कुठली ते आधी बघतो, तोवर थांबा, असं सांगून तो वाकून एकेक दगड चाचपू लागला.

तेवढ्यात खालून एक ट्रकवाला पाण्याचा कॅन भरून वर आला. अंगावर मळकी बनियन, डोळे तांबारलेले. टेकडीखाली गाडी लावून पाण्याला आलेला, कुठला कोण.

महाराजांनी त्याच्यापुढे हात केला.

ट्रकवाल्याने कॅन खाली ठेवला आणि हात धरला. दोघे उतरू लागले. मध्येच त्याचा पाय सटकला, महाराजही झोकांडले. पण दोघे सावरले, पुन्हा उतरू लागले.

महाराजांनी तोंड धुतलं, ओंजळभर पाणी प्यायले. त्याच माणसाचा हात धरून वर आले. तो नमस्कार करून, कॅन उचलून निघून गेला.

श्रीरंगाला राहवेना.

“महाराज, ओळख ना पाळख. डोळे तसले. पडला असता तुम्हाला घेऊन... कशावरून त्याच्या हाती हात दिलात?”

महाराज पंच्याने पाय पुसत होते.

“मला पाण्यापाशी जायचं होतं.”