चाकामागचे दगड

"मग सांगा की उस्ताद, निळ्या गाड्यांवर जाऊ का पिवळ्या?"

दस्तगीर उस्तादांनी बशीतला चहा फुंकला, प्यायला, आणि रिकामी बशी पुन्हा एकदा फुंकली.

"उस्ताद…"

"ऐकतोय. गुडघं गेल्यात माझं, कान न्हाईत गेलं."

कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर चहाची एक टपरी आहे. तिच्यापुढच्या बाकड्यावर दोघं बसले होते. तिथून खाली बघितलं की चिपळूणकडून चढून येणारा रस्ता दिसतो, आणि त्याच्यावरचं एक वळण तर अगदी ताटात वाढल्यासारखं समोर. माघातलं ऊन उतरायला लागलं होतं.

दस्तगीर मुल्लांची सगळी हयात या घाटात गेली. भरलेली गाडी वर आणायची, भरलेली गाडी खाली न्यायची. गुडघ्यांनी जबाब दिला तेव्हा ते स्टिअरिंगवरून उतरले आणि हेळवाकातल्या घराच्या ओट्यावर बसले. पण बसवतंय कुणाला? आसपासच्या पोरांना गाडी शिकवायला लागले. त्यातला हा शेवटचा, धैर्यशील साळुंखे.

पोराचा हात सोन्याचा होता, यात वाद नाही. तोंडाला मात्र ब्रेक नव्हता. जड वाहनाचं लायसन हातात पडल्यापासून तर तो जमिनीवर चालतच नव्हता. आणि दोन कंपन्यांनी एकदम बोलावल्यावर मग काय विचारता!

"निळ्या गाड्या म्हंजी पुण्याची कंपनी, उस्ताद. नवी कोरी गाडी. केबिन गार. सीट अशी, की झोपच यावी."

"ड्रायव्हरला झोप यावी? वा! चांगली हाय."

"तसं न्हाई हो… आणि रस्ता सांगणारी बाई आतच असती. डावीकडे वळा, उजवीकडे वळा."

"आणि किन्नर?"

"किन्नर न्हाई. एकटा ड्रायव्हर. किन्नर आता कोण ठेवतंय?"

किन्नर म्हणजे गाडीवरचा हाताखालचा माणूस. उस्ताद स्वतः किन्नर म्हणून घरातून निघाले होते, तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं.

"त्यांचा साहेब पाचला फोन करणार हाय. हो का न्हाई, तवाच सांगायचं. न्हाई म्हटलं तर दुसरा पोरगा तयार हाय त्यांच्याकडं. आई म्हणाली, उस्तादांना इचारल्याबिगर हो म्हणशील तर घरात पाय ठेवू नको. म्हणून म्हणतो, बोला लवकर."

आता खरी गंमत अशी, की उत्तर उस्तादांच्या खिशात तयार होतं. परवाच कराडहून अभिजित थोरवत आला होता. पिवळ्या गाड्यांचा मालक. पाया पडला आणि म्हणाला, "चाचा, माणसं टिकत न्हाईत. एक हक्काचा ड्रायव्हर द्या." उस्तादांना भरून आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शब्द दिला, "माझा पोरगा पाठवतो."

धैर्यशीलला हे सांगितलं नव्हतं. त्यानं आपल्या तोंडानं पिवळी गाडी म्हणावं, अशी म्हाताऱ्याची इच्छा. म्हणून तर गुडघे दुखत असताना त्याच्या मोटरसायकलवर मागे बसून ते इथवर आले होते.

"माझी पहिली कंपनी तुला सांगितली का मी?"

धैर्यशीलनं कपाळाला हात लावला. "पाठ हाय, उस्ताद!"

"मग म्हण बघू."

"तुम्हाला नवीन लायसन मिळालं हुतं. चिपळूणला एका बड्या पेढीत नोकरी मागाय गेला हुता. त्यांनी उभं बी करून घेतलं न्हाई. मग एका गाडीवाल्याला हात करून वर येत हुता, तर घाटात एक धोतरवाला म्हातारा रस्त्यातलं दगड उचलून कडंला टाकत हुता. एकटाच. तुम्हाला वाटलं, येडा हाय."

"वाटलं खरं."

"पण तुम्ही उतरला. त्याच्यासंगं दगड उचललं. मग त्यानं भाकरी सोडली, तुम्हाला अर्धी दिली, आणि इचारलं, लायसन हाय का? तुम्ही म्हणला, हाय. तो म्हणला, मग उद्या ये. ते दाजी थोरवत. पिवळ्या गाड्यांचं तवाचं मालक, आत्ताच्या अभिजितशेठचं आजोबा. संपली गोष्ट!"

"आणि दगड कुणाचं हुतं?"

"दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचं."

"हां…"

उस्ताद वळणाकडे बघत राहिले. भाकरीबरोबर लसणाची चटणी होती, ती चव त्यांच्या जिभेवर अजून होती. पोराला सगळी गोष्ट पाठ होती, पण चटणी त्याला ठाऊक नव्हती. ती सांगता येत नाही. दाजींचं ते धुवट धोतर, मातीनं लाल झालेला सोगा, घाम पुसून "बस की लेका" म्हणणं… ते दिवस आठवले की उस्तादांना आपलं आत्ताचं वय कुणा दुसऱ्याचं वाटायचं.

तेव्हा इथं टपरी नव्हती. पाण्याची टाकी होती. चढून आलेली प्रत्येक गाडी इथं टेकायची. इंजिन निवायचं, माणसं निवायची. चिरेवाले, मीठवाले, मासळीवाले, कुणी कुणाचं नाही आणि सगळे सगळ्यांचे. रस्ता रुंद झाला आणि टाकी गेली. आता गाड्या थांबत नाहीत.

"उस्ताद, ते बघा! पिवळी!"

खालच्या वळणावर थोरवतांची गाडी उभी होती. चिऱ्यानं भरलेली. चढातच बंद पडली असावी. चहावाला म्हणाला, "दुपारपासनं हाय तिथं. मिस्त्री येऊन गेला मघाशी."

इथून सगळं स्वच्छ दिसत होतं. भरलेली गाडी चढावर थांबली तर मागे घसरू नये म्हणून चाकांमागे दगड लावतात. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून आणखी थोडे दगड रस्त्यात मांडतात. गाडी सुरू झाली, पुढे गेली, की खाली उतरायचं आणि ते सगळे दगड उचलून कडेला टाकायचे. एवढंच. पण गाडी मिळालेल्या खुशीत माणूस निघून जातो आणि दगड वळणावर तसेच राहतात. मग मागून कुणी बिचारा येतो, आणि…

उस्तादांनी अशी वळणं बघितली होती. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

आज मात्र ते खूश झाले. देवानंच गाडी आणून उभी केली, असं त्यांना वाटलं. ते ताठ बसले.

"आता बघ धैर्या. नीट बघ. मी काय सांगत न्हाई, तूच बघ. गाडी सुटंल, जरा वर जाऊन थांबंल, आणि माणूस उतरंल. दाजींची गाडी हाय ती. दाजी गाडी परत आली की माल इचारायचं न्हाईत. पहिलं इचारायचं, दगड उचललं का?"

धैर्यशील बघायला लागला.

खालून इंजिनाचा आवाज आला. काळा धूर निघाला. गाडी हलली, दगडांपासून सुटली आणि हळूहळू वर निघाली.

"आता थांबंल," उस्ताद म्हणाले.

गाडी थांबली नाही.

"वळणावर कसा थांबंल? वर घेऊन थांबंल…"

गाडी वर आली. टपरीजवळ आली. ड्रायव्हर तरणा पोरगा होता, फोन कानाला, शेजारची जागा मोकळी. उस्ताद गुडघ्यावर हात टेकून कसेबसे उठले आणि त्यांनी हात वर केला. थांब म्हणून.

पोरानं त्यांना ओळखलं. त्याला वाटलं, चाचा सलाम करतायत. त्यानं हसून सलाम केला, दोनदा झोकात हॉर्न दिला, आणि गेला.

उस्तादांचा हात वरच राहिला…

धूर विरला. चहावाला उगाच कपबशा विसळायला लागला.

धैर्यशीलच्या ओठांवर आलं होतं. "काय उस्ताद, ही का तुमची कंपनी!" एरवी त्यानं सोडलं नसतं. पण त्यानं म्हाताऱ्याचं तोंड बघितलं आणि ते शब्द गिळले. त्या दिवशी त्यानं तोंडाला पहिल्यांदा ब्रेक लावला म्हणायचा.

दाजी गेले तेव्हा उस्ताद खांदा द्यायला गेले होते. पण दाजी खरे गेले ते आज, आत्ता, डोळ्यांदेखत. आणि आपण मात्र परवा त्यांच्या नातवाच्या पाठीवर हात ठेवून शब्द देऊन बसलो!

ते उताराला लागले. एक पाय टाकायचा, थांबायचं, दुसरा टाकायचा.

"अहो उस्ताद! कुठं निघाला?"

उस्तादांनी वळणावरच्या दगडांकडे बोट दाखवलं.

"तुमच्यानं हुणार हाय का ते? पाच वाजत आल्यात. फोन येईल माझा. वळणावर रेंज नसती!"

उस्ताद चालत राहिले.

धैर्यशीलनं मोटरसायकलीला किक मारली. फर्रकन त्यांना मागे टाकून तो पुढे गेला. उस्तादांनी त्याच्या पाठीकडे बघितलं. गेला, त्यांना वाटलं. तरणं पोर, त्याचं काय चुकलं? साहेबाचा फोन आहे, पुढं सगळं आयुष्य आहे. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांसाठी त्यानं का अडून बसावं?

उस्ताद उतरत वळणाशी आले तेव्हा मोटरसायकल कडेला लावलेली होती, आणि धैर्यशील रस्त्याच्या मधोमध वाकलेला होता.

नवी पॅन्ट मळलेली. लहान दगड त्यानं आधीच कडेला भिरकावले होते. आता चाकामागचा मोठा धोंडा उचलायला तो खटपट करत होता. धोंडा काही दाद देत नव्हता.

तेवढ्यात खालून मोटरसायकलचा आवाज आला.

वळणावर रस्ता मावळतीकडे फिरत होता आणि सूर्य अगदी त्याच्या रेषेत होता. वळण घेऊन येणाऱ्याच्या पुढ्यात पिवळ्या उजेडाशिवाय काही दिसलं नसतं. धैर्यशील धोंड्याच्या पुढे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले.

"दमानं! ओ दादा, दमानं! पलीकडनं घ्या!"

गाडी डगमगली, सावरली, पलीकडून गेली. नवरा पुढे, बायको मागे, आणि दोघांच्या मध्ये नव्या पंख्याचं खोकं. बाईनं ते लेकरासारखं कवटाळलं होतं. नवरा जाताना करवादला, "रस्त्यात काय उभा राहतोस रं, मरायचंय का?"

दोघं वर निघून गेली. कशातून वाचली, त्यांना कळलंसुद्धा नाही.

धैर्यशील मात्र पांढराफटक पडला होता. तो धोंड्याकडे बघत होता, मग रस्त्याकडे, मग परत धोंड्याकडे.

त्यानं वाकून पुन्हा हात घातला. या वेळी धोंडा उठला. पोटाशी धरून, पाय फाकवून तो एकेक पाऊल कडेला निघाला. आणि नेमका तेव्हाच त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला. वळणावर रेंज नसते म्हणे!

"फोन वाजतोय, धैर्या," उस्ताद म्हणाले.

"वाजू द्या."

"साहेब आसंल. पाच वाजलं."

"वाजू द्या हो उस्ताद! हा मधीच टाकू का आता?"

फोन वाजत राहिला. वाजून वाजून थांबला.

धोंडा कडेला पडला. धैर्यशील कठड्याला टेकून धापा टाकत बसला. नखात माती, कोपर सोललेलं. उस्ताद शेजारी येऊन बसले. जवळ भाकरी नव्हती याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी खिसे चाचपले. नातवासाठी घेतलेला शेंगदाण्याचा लाडू होता. त्यांनी तो मोडला आणि अर्धा त्याच्या हातावर ठेवला.

पोरानं मातीच्या हातानंच खाल्ला.

"उस्ताद… दगड थोरवतांच्या गाडीचं हुतं."

"व्हय."

"निळ्या गाडीचा ड्रायव्हर तरी उतरला असता का?"

"मला काय ठावं!"

खाली कोकणात धुकं साचायला लागलं होतं. फोन परत वाजला. धैर्यशीलनं तो खिशातून काढला, हातात धरला आणि उस्तादांकडे बघितलं. आता तोंडावर रुबाब नव्हता. एक पोरगा विचारत होता, आणि त्याला खरंच उत्तर हवं होतं.

"सांगा उस्ताद. तुम्ही म्हणाल तिथं जातो. निळ्या का पिवळ्या?"

उस्तादांनी मोकळ्या वळणाकडे बघितलं. अभिजितला दिलेला शब्द त्यांना आठवला. मग उरलेला लाडू तोंडात टाकून त्यांनी हात झटकले.

"आता कुठंबी जा."