पैकीच्या पैकी

"एकतीस मुलांतल्या तिसांना पैकीच्या पैकी... याहून जास्त काय हवं, गुरुजी?"

हेमांगीने पेपरांचा गठ्ठा गुरुजींच्या पुढ्यात ठेवला. ती पुण्याच्या एका शाळेत तिसरीला फ्रेंच शिकवते. सल्ला घ्यायला सोलापूरला आले, असं म्हणाली. पण गुरुजींच्या वर्गात मी तिच्याच बाकावर बसून शिकलो आहे. ती शाबासकी घ्यायला आली होती.

यंत्रमागावर राबणाऱ्या तेलुगू-कानडी घरांतल्या मुलांना शिकवण्यात गुरुजींची छत्तीस वर्षं गेली. आता नजर अधू झाली आहे. त्यांनी एक पेपर अगदी नाकाशी धरला.

डावीकडे दहा इंग्रजी शब्द, उजवीकडे दहा फ्रेंच. जोड्या लावा.

"दोन्हीकडचे सारखेच दिसतायत."

"तीच तर युक्ती आहे. फॉरेस्टचं तिकडे फोरे, टेबलाचं ताब्ल. इंग्रजी आलं की अर्धं फ्रेंच आलंच. आठवड्यात दोनशे शब्द झाले."

"आणि एकतिसावं मूल?"

"जुई वाघमोडे. यंदाच मराठी शाळेतून आलीय." हेमांगीने तळातला पेपर काढला. एकही रेघ नाही, वर लाल शून्य. "पहिल्याच शब्दावर बोट ठेवून बसली. विचारते, 'बाई, हे म्हणजे काय?' ... परीक्षेत कोणी सांगतं का? तिला फ्रेंचमधून काढायचं ठरलंय. माझी सही झाली की संपलं."

पत्रही तिने सोबत आणलं होतं.



गुरुजींनी एक कोरा कागद ओढला. डावीकडे कानडीत पाच शब्द लिहिले, उजवीकडे तेलुगूत तेच पाच, उलटसुलट.

"लाव जोड्या."

"मला यातलं एक अक्षर येत नाही, गुरुजी."

"लाव तर खरी."

या दोन्ही लिप्या चुलतबहिणींसारख्या. हेमांगीने वळणाला वळण जुळवलं आणि मिनिटभरात पाच रेघा ओढल्या.

पाचही बरोबर होत्या. गुरुजींनी तिचंच लाल पेन मागून घेतलं आणि वर लिहिलं, पैकीच्या पैकी. खाली सही केली, आमच्या लहानपणी करायचे तशीच.

हेमांगी खुलली. मला मात्र तिची कीव आली, खोटं कशाला सांगू.

ती कागदाकडे बघत राहिली. हळूहळू तिचं हसू मावळलं. तिने पहिल्या शब्दावर बोट ठेवलं.

"गुरुजी... हे म्हणजे काय?"

गुरुजींनी लाल पेन पुन्हा उचललं.

"विचारलंस... आता तुलाही शून्य."