धुक्यातला दहावा बळी

घाटमाथ्यावर एक गाव होतं, तिथली ही जुनी हकिकत. वर्षातले सहा महिने तिथे दुपार कलली की धुकं उतरायचं आणि समोरचं घरसुद्धा दिसेनासं व्हायचं.

बारा वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या खिंडीत एका वाटसरूचा गळा चिरला गेला होता. खुनी आठ दिवसांत सापडला आणि पुढे तुरुंगातच मेला. गावाला मात्र ते पटलं नाही. "तो कसला मरतोय! धुक्यातून येतो, तीनदा दार वाजवतो, बोलत नाही," असं जो तो सांगायचा. पुढे गावात कुणी अवचित गेलं की खिंडवाल्याच्या नावावर आणखी एक बळी चढायचा. त्या वाटसरूला धरून नऊ झाले होते. धुकं दिसलं की कड्या लागायच्या, आणि भर दिवसा गल्लीत चिटपाखरू उरायचं नाही.

गावाच्या कडेला ठकूबाई बुरडीण एकटी राहायची. एका धुकट दुपारी ती सूप विणत असताना दार वाजलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"कोण आहे?"

उत्तर नाही. फळीपलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, तुटक, ओढल्यासारखा. मग लाकडावर नखं घासत खाली गेली. ठकूबाईने जातं ओढून दाराला लावलं आणि कोयता घट्ट धरून बसली. थोड्या वेळाने श्वासही थांबला.

सकाळी ऊन आल्यावर तिने दार उघडलं. उंबऱ्यापाशी शेजारचा केरू कुंभार मरून पडला होता. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. एक हात छातीवर आवळलेला होता.

गाव जमलं. पाटील लांबूनच म्हणाले, "दहावा!" बायका रडू लागल्या.

ठकूबाई गप्प राहिली असती, तर तिला कुणी बोल लावला नसता. पण केरूची बायको तिच्याकडेच बघत होती.

"पाटील, थांबा," ठकूबाई म्हणाली. "केरूबाबाला कुणी मारलं नाही. त्याच्या छातीत कळ आली असणार. घरापर्यंत जायचा, हाक मारायचाही दम उरला नसेल, म्हणून तो माझ्याकडे आला आणि मी दार उघडलं नाही. त्याचा जीव जाताना मी ऐकत बसले."

मग सुताराची म्हातारी पुटपुटली, "माझ्या सुनेला तापच होता. धुक्यात वैद्याकडे कोण जाणार, म्हणून आम्ही थांबलो. खिंडवाल्याचं नाव मीच घेतलं."

"माझा भाऊ विहिरीत घसरला," मागून एक जण बोलला. "हाका ऐकू येत होत्या मला."

एकेक जण बोलत गेला. दहातला खून एकच उरला, बारा वर्षांपूर्वीचा. बाकीचे नऊ बंद दारांबाहेर नाहीतर बंद दारांमागे मदतीवाचून गेले होते.

केरूला स्मशानात पोचवून परतताना धुकं उतरलं. माणसं एकमेकांचे खांदे धरून चालली. काही घरांना सवयीने कड्या लागल्याच. ठकूबाई मात्र आपल्या घरी गेली नाही. ती केरूच्या बायकोपाशी जाऊन बसली. ती बाई तिच्याशी एक शब्द बोलली नाही, पण तिने तिला जा असंही म्हटलं नाही.

तात्पर्य इतकंच: भीती मोठी झाली म्हणून संकट मोठं होत नाही. माणसं कशाने मेली, हे आधी नीट विचारावं.