ब्रेकवरची बोटं

"म्हणजे माझी साधना खोटी आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

सुमना आर्याजींनी हातातलं भिक्षापात्र पुसून बाजूला ठेवलं.

"मी अजून काही बोललेच नाही, सुकेशिनी."

ते खरंच होतं. विहाराच्या ओसरीवर येऊन बसल्यापासून एकटी सुकेशिनीच बोलत होती.

सुकेशिनी रामटेके हायस्कुलात विज्ञान शिकवायची आणि दर रविवारी याच विहारात ध्यानाचा वर्ग घ्यायची. पाठ ताठ, आवाज स्थिर. भीती ही नुसती संवेदना आहे, तिच्याकडे बघा, ती विरून जाते, असं ती सांगायची. लोक डोळे मिटून ऐकायचे.

आणि हीच बाई गेल्या दिवाळीपासून गाडीच्या हँडलला हात लावू शकली नव्हती.

नदीच्या पुलापाशी समोरून ट्रॅक्टर आला होता. तिने घाईने ब्रेक दाबला आणि वाळूवर चाक सरकलं. मागे आई बसली होती. आईच्या मांडीचं हाड मोडलं. आता आई काठी घेऊन चालते आणि त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढत नाही. सुकेशिनीने गाडी विकून टाकली. कोणी विचारलंच तर सांगायची, चालणं तब्येतीला बरं असतं.

आता नदीपलीकडच्या बोरखेडीच्या शाळेत तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावणं आलं होतं. या पदाची तिने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. पण तिकडे बस धड जात नव्हती. रोज जायचं तर गाडी हवी, आणि गाडी म्हणजे तो पूल. हो की नाही, ते आज संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं.

"मी सगळं करून पाहिलं," ती म्हणाली. "रोज पहाटे बसते. श्वास पाहते. मन अगदी शांत होतं. मग कोणाच्या गाडीजवळ जाते आणि... छातीत कोणीतरी दार लावून घेतं."

"कोण?"

"कोण म्हणजे? भीती."

"मग तू काय करतेस?"

"तिला सांगते, तू खरी नाहीस."

"ती काय म्हणते?"

सुकेशिनीला हा प्रश्न आवडला नाही. भीतीचं म्हणणं ऐकायला ती इथवर आली नव्हती.

"मला ती मारून टाकायची आहे, आर्याजी. मुळापासून. त्याचा उपाय सांगा."

आर्याजींनी अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं.

"बोरखेडीला शीलाबाई गजभियेंकडे आज भोजनदान आहे. मला रोज नेणारी मुलगी परीक्षेला गेलीय. विहाराच्या स्कूटीची चावी त्या खिळ्याला आहे."

"मी? आर्याजी, मी आत्ताच तुम्हाला..."

"ऐकलं मी."

"मी ऑटो बोलावते."

"बोलाव."

सुकेशिनीने ओळखीच्या ऑटोवाल्यांना फोन लावून पाहिले. लग्नसराई होती. जो तो वऱ्हाडात अडकला होता.

दुपारी बारानंतर भिक्खुणी अन्न घेत नाहीत, हे तिला चांगलंच माहीत होतं. उशीर झाला तर आर्याजी थेट दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी राहणार होत्या, आणि तिकडे शीलाबाई ताट वाढून दारात उभ्या राहणार होत्या. आर्याजी मात्र घाई करत नव्हत्या. पात्र मांडीवर घेऊन नुसत्या बसल्या होत्या.

सुकेशिनी उठली. खिळ्यावरची चावी काढली. हेल्मेटचा पट्टा जरा जास्तच घट्ट आवळला.

नदीपर्यंत सगळं ठीक झालं. रस्ता मोकळा होता, हात जुनं काम विसरले नव्हते. हे बघ, जमतंय, असं ती मनाशी म्हणते न म्हणते तोच वळणावर पुलाचे कठडे दिसले.

गाडी आपोआप मंदावली. पुलाच्या तोंडाशी येऊन उभीच राहिली.

"का गं?" मागून आर्याजींनी विचारलं.

"काही नाही. टायर बघते जरा."

"टायर ठीक आहे."

सुकेशिनी गाडीवरून उतरली नाही.

"पाय कुठे आहेत तुझे?"

"जमिनीवर."

"दोन्ही?"

सुकेशिनीने पाहिलं. उजवी टाच अधांतरी होती. तिने ती टेकवली.

"श्वास?"

"गळ्यापाशी."

"असू दे तिथेच. बोटं?"

दोन्ही हातांची बोटं ब्रेकवर आवळलेली होती, पेरं पांढरी पडली होती. तिने ती सोडवायचा प्रयत्न केला. सुटेनात. तिला संताप आला.

"काय हा बावळटपणा," ती स्वतःशीच पुटपुटली. "इतकी वर्षं बसून काय शिकलीस? आईला अधू केलंस, आता आर्याजींना उपाशी ठेव."

"ही कोण बोलली?"

"मीच."

"जी घाबरलीय, तीच बोलली?"

सुकेशिनी थबकली. छातीतली थरथर वेगळी होती आणि हा आवाज वेगळा. तो कपाळातून येत होता, कडक, शाळेतल्या घंटेसारखा.

"नाही. ही दुसरी आहे... रागावणारी."

"केव्हापासून आहे?"

"आई पडली तेव्हापासून. नाही... त्याच्याही आधीपासून. लहानपणी दुसरा नंबर आला तरी हीच बोलायची."

"मग दमली असेल. तिला म्हणावं, त्या बाभळीखाली घटकाभर बैस. तुझंही ऐकू. आधी या घाबरलेलीचं ऐकून घेऊ."

असं मनातल्या मनात कोणाला बसवायचं म्हणजे सुकेशिनीला पोरखेळ वाटला. तरी तिने तसं म्हणून पाहिलं. आवाज बंद झाला नाही. पण चार पावलं मागे सरकला. तेवढ्यात मागून मोटारसायकल आली आणि शेजारी थांबली.

"मॅडम, गाडी बंद पडली का जी?"

उद्धव शेंडे. निवृत्त तलाठी. रविवारच्या वर्गात अगदी पुढे बसायचे आणि सुकेशिनीचं एकेक वाक्य मान डोलावून ऐकायचे. आर्याजींना पाहून त्यांनी गाडीवरूनच हात जोडले.

सुकेशिनीच्या ओठांवर उत्तर तयार होतं. हो, प्लगमध्ये कचरा आलाय. तिची मान ताठ झाली, चेहऱ्यावर रविवारचं ते शांत हसू आलं. कोणी न सांगता आलं.

"आता कोण आली?" आर्याजींनी विचारलं, शेंडेंना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

सुकेशिनीने ते हसू आपल्याच गालांवर चाचपून पाहिल्यासारखं केलं.

"...मॅडम आल्या."

आणि तिला खरोखरच हसायला आलं, थोडंसं. मग ती शेंडेंकडे वळली.

"गाडी ठीक आहे, काका. मला या पुलाची भीती वाटते. म्हणून थांबलेय."

"तुम्हाले?"

"मला."

शेंडेंनी मोटारसायकल बंद केली. तिला वाटलं, संपलं, रविवारी आता कोण येणार आपल्या वर्गाला.

"मले बी वाटते इथं," शेंडे म्हणाले. "मी गाणं म्हणत जातो."

त्यांनी मोटारसायकल चालू केली. ते पुलावर शिरले, तेव्हा इंजिनाच्या आवाजातूनही त्यांचं बेसूर गाणं खरंच ऐकू आलं.

सुकेशिनी ते दूर जाईपर्यंत ऐकत राहिली. श्वास गळ्यावरून जरा खाली उतरला होता. बोटं मात्र तशीच होती.

"आता हिला विचार," आर्याजी म्हणाल्या.

"काय विचारू?"

"ब्रेक धरून काय करतेस?"

"तिला काय विचारायचं, आर्याजी? घाबरलीय ती."

"तू ठरवलंस ते. तिला विचारलंस का?"

सुकेशिनीने डोळे मिटले नाहीत. समोर पूल दिसत होता, कठड्याला लागून वाळू साचली होती. तिने छातीतल्या त्या बंद दाराशी मन नेलं. या वेळी ढकललं नाही. नुसती उभी राहिली.

बराच वेळ काही नाही.

"ती म्हणते..." सुकेशिनीचा आवाज बदलला. "म्हणते, मागे कोणीतरी बसलंय. ते पडता कामा नये."

तिने मान मागे वळवली.

"आर्याजी, ती आईला धरून बसलीय. अजून. सगळे उठून घरी गेले, आई बरी होऊन घरी आली, आणि ही इथेच..."



आर्याजी हळूच गाडीवरून उतरल्या. पात्र काखेत धरून पुढे आल्या. त्यांनी आपला सुरकुतलेला तळवा त्या पांढऱ्या पडलेल्या बोटांवर ठेवला. आणि कोणी काही चांगलं काम केलं की विहारात जसं म्हणतात, अगदी तशाच आवाजात त्या बोटांना म्हणाल्या,

"साधु. साधु. साधु."

सुकेशिनी बघतच राहिली. या भीतीला तिने कितीदा खोटं पाडलं होतं, दटावलं होतं, आज तर मारायला निघाली होती. शाबासकी तिला कोणी दिली नव्हती.

हेल्मेटच्या आत डोळे वाहू लागले. तिने ते पुसले नाहीत.

बोटं सैल झाली. तिने सोडवली नव्हती. आपणहून, एकेक करून सुटली.

"काय हवंय तिला?" आर्याजींनी विचारलं.

सुकेशिनीने पुन्हा आत पाहिलं. आता उत्तर लगेच आलं. इतकं सरळ की तिला नवल वाटलं.

"हळू जायला हवंय. वाळूवर पुढचा ब्रेक दाबायचा नाही, म्हणते. आणि समोरून मोठी गाडी आली तर अंगावर येईपर्यंत वाट बघायची नाही. आधीच बाजूला व्हायचं."

"यात वाईट काय आहे?"

"काहीच नाही."

आर्याजी मागे जाऊन बसल्या.

गाडी पुलावर शिरली. सुकेशिनीची बोटं ब्रेकवर नुसती टेकलेली होती. कठड्याजवळच्या वाळूचा पट्टा तिला दुरूनच दिसला. एरवी तो तिच्या कधी नजरेत भरला नव्हता. तिने गाडी मधे घेतली.

पूल निम्मा सरला असेल, तेव्हा समोर ट्रॅक्टर दिसला. छातीत धस्स झालं.

दिसला, बाई. मलाही दिसला, ती आतल्या आत म्हणाली.

वेग कमी केला. जागा बघून, वाळू टाळून, गाडी कडेला उभी केली. पाय टेकवले, दोन्ही. ट्रॅक्टर खडखडत गेला. ट्रॉलीत वऱ्हाड होतं. एका बाईने आर्याजींना पाहून हात जोडले. धूळ खाली बसली, तशी सुकेशिनीने गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

पूल संपला.

बारा वाजायला थोडाच अवकाश होता. शीलाबाई दारातच उभ्या होत्या. आर्याजींचे पाय धुतले गेले, ताट समोर आलं. आत पाहुण्यांची लगबग चालली होती, तोवर सुकेशिनी अंगणात गेली आणि तिने शाळेच्या संस्थेला फोन लावला.

"मी रुजू होतेय," ती म्हणाली.

फोन ठेवला. छातीतून लगेच विचारणा झाली, आणि पावसाळ्यात गं? पुलावर पाणी आलं तर?

त्या दिवशी जायचं नाही, सुकेशिनीने सांगितलं. घरूनच फोन करायचा.

आतली थोडी घुटमळली. मग गप्प झाली. गेली मात्र नाही. सुकेशिनीने तिला जा म्हटलंही नाही.

भोजन झालं. आशीर्वाद झाला. निघायच्या वेळी शीलाबाई आर्याजींजवळ येऊन हळू आवाजात म्हणाल्या, पण ऐकू सगळ्यांनाच गेलं.

"आर्याजी, परत जाताना आमचा निखिल कारनं सोडून देईल तुम्हाला. मघाशी शेंडे सांगून गेले, मॅडमना गाडीची भीती वाटते म्हणे."

अंगणातल्या बायका सुकेशिनीकडे बघू लागल्या. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या आतल्या मॅडम उठून उभ्या राहिल्या, पदर सावरू लागल्या. सुकेशिनीने त्यांना ओळखलं. उभं राहू दिलं.

"वाटते," ती म्हणाली.

निखिल कारची चावी घेऊन पायरीवर थांबला होता. शीलाबाई आर्याजींच्या तोंडाकडे पाहत होत्या.

आर्याजींनी चीवर खांद्यावर नीट घेतलं आणि त्या स्कूटीकडे चालू लागल्या.

"वाटते ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी हिच्या मागे बसते."