क्रुसाचे दुसरे टोक

"खाली ठेवा तो क्रूस, मावशी! सांगून ठेवतो, आणखी एक पाऊल पुढे टाकलंत तर..."

"तर काय करशील? ढकलशील मला? ढकल. उत्तम शुक्रवार आहे, दिवस बरा निवडलास."

एकदा एका कोळीवाड्यात एक वृद्ध गुरू आणि तिचा शिष्य भर दुपारी वाळूत असे भांडत होते. म्हातारीने गावाच्या तीन पिढ्यांना प्रार्थना शिकवल्या होत्या. शिष्याचे नाव बस्त्याव; तिच्यामागे हे काम त्यानेच करायचे, असे सर्वांनी धरलेले होते. भांडण कशावरून, तर म्हातारीच्या खांद्यावर चर्चमधला लाकडी क्रूस होता. माणसाच्या उंचीचा, जड, सागवानी.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे प्रभूला क्रुसावर मारले त्या दिवशी, क्रूस वेदीपुढे धरतात आणि सारे गाव गुडघे टेकून त्यावरील प्रभूच्या मूर्तीच्या पायांचे चुंबन घेते. बस्त्याव क्रूस धरून होता, प्रत्येकानंतर शुभ्र फडक्याने पाय पुसत होता. सर्वांत शेवटी म्हातारी आली. तिने चुंबन घेतले नाही. क्रूस त्याच्या हातून काढून घेतला, खांद्यावर टाकला आणि दाराबाहेर चालू लागली. म्हातारीला भ्रम झाला, असेच लोकांना वाटले. पण ती समुद्राकडे वळली, तसा बस्त्याव धावला.

कारण त्या बाजूला एकच माणूस राहत होता. पास्कू तांडेल, एके काळचा होडीचा म्होरक्या.

आभाळ गच्च भरून आलेले असताना ह्या पास्कूने, घोळ मासळी भरपूर मिळेल ह्या आशेने, खलाशी घेऊन होडी लोटली होती; आणि तो एकटा परतला. त्या होडीत बस्त्यावचा बाप होता. म्हातारीचा एकुलता एक मुलगा दुमिंगही होता. ह्या गावाची जुनी रीत अशी की, खलाशांवाचून परतणाऱ्या तांडेलाच्या होडीला कोणी हात लावायचा नाही. होडी एकट्याने किनाऱ्यावर ओढली जात नाही. म्हणून ती भरतीच्या रेषेवर कलंडून कुजत होती, आणि तिच्या आडोशाला पास्कू. कोणी त्याचे नाव घेत नसे. चर्चची घंटा वाजली की तो उभा राही. येत मात्र नसे.

"मावशी, समुद्राने माझ्या बापाचा देहसुद्धा दिला नाही," बस्त्याव म्हणाला. "कबर नाही. रडायला जागा नाही. ह्या क्रुसापाशी बसून रडतो मी. जगात एवढी एक जागा माझी आहे, आणि ती तुम्ही त्याला नेऊन देता?"

"मी कुठे रडते, ठाऊक आहे तुला?"

हे त्याने कधी विचारलेच नव्हते.

"क्रूस म्हणजे काय रे?" म्हातारीने विचारले.

"देवाचं प्रेम."

"पाठ आहे. मीच करून घेतलंय, मेलीने! अरे, ज्याला शहराबाहेर नेऊन मारला, त्याला आपण आत आणून भिंतीला टांगला आणि दार लावून घेतलं. तो मुळात होता कुठे? वेशीबाहेर. दोन गुन्हेगारांच्या मध्ये. 'तू माझा त्याग का केलास' म्हणून देवाला हाक मारत होता, आणि वरून उत्तर येत नव्हतं. माणूस जितका एकटा पडू शकतो, तितक्या खोल तो उतरला. तिथे पडलेल्याला कोणीतरी भेटावं म्हणून. तुला भेटला ना? मग त्या होडीच्या आडोशाला जो आहे, त्याने कुणाला भेटावं?"

"म्हणजे पास्कू निर्दोष?"

"निर्दोष कसला? दोषीच आहे. निर्दोषाला क्रूस कशाला लागतो?"

ती पुन्हा चालू लागली. पण खांदा थकला होता. क्रुसाचा पाया खाली आला आणि वाळूत चर ओढत तिच्यामागे फरफटू लागला. पलीकडे कलंडलेल्या होडीआडून पास्कू उठून उभा राहिला होता. आपल्याकडे कोणी येत आहे, ह्यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. त्याने टोपी काढून छातीशी धरली. पुढे यायचे धैर्य मात्र त्याला होईना. चर्चच्या दारात गाव उभे होते. तेही हलले नाही. मधल्या साऱ्या वाळूत ती म्हातारी एकटी, आणि तिच्यामागे तो चर.

बस्त्याव तिच्या मागोमाग गेला. अडवायला की कशाला, ते त्याचे त्यालाही कळले नसावे.

"मावशी," तो हळूच म्हणाला, "मला नाही जमणार त्याला क्षमा करायला."

म्हातारी थांबली. वळली नाही.

"मला तरी कुठे जमली आहे, बाळा? जमली असती तर हा इतका जड लागला असता का? धर ते टोक."