न पाहता ‘पाहिले’

एका राज्यात सात वेशींचे एक नगर होते, नगरात पुष्पध्वज नावाचा राजा होता, आणि राजाच्या कचेरीत शाईची एक दौत होती. राजे बदलले, कारभारी बदलले, दौत तीच राहिली. काजळनाथ नावाच्या मांत्रिकाने ती पहिल्या राजाला दिली होती आणि देताना बजावले होते, "राजा, हिने खरे लिही, नगर नांदेल. खोटे लिहिलेस, तर ज्याविषयी खोटे लिहिशील ते दिसेनासे होईल." राजाने मान डोलावली, दौत कोनाड्यात ठेवली. पुढच्या पिढ्यांना दौत मिळाली, बोलणे मिळाले नाही.

त्या नगराची रीत अशी : ज्याचे गाऱ्हाणे असेल त्याने अर्ज करावा. कारभाऱ्याने उठावे, स्वतः जावे, डोळ्यांनी पाहावे आणि अर्जावर शेरा मारावा, "पाहिले." मग राजाने जावे, पाहावे आणि खाली दुसरा शेरा मारावा, "पाहिले." दोन शेरे पडले की गवंडी निघाले, सुतार निघाले. रीत चांगली होती. रीती चांगल्याच असतात हो, पण त्यांना चालायला पाय माणसांचे लागतात.

कारभारी होता लिंबाजीपंत. माणूस मनाने लोणी. कुणाचे लग्न असो की बारसे, पहिली हजेरी त्याची. लाच म्हणून त्याने कधी सुपारीचे खांड घेतले नाही. पण कचेरी एकवीस पायऱ्या वर होती, वर झोपाळा टांगलेला होता, आणि झोपाळ्यावर एकदा बसले की पंतांना उठवत नसे. आधी ते म्हणत, "उद्या जाऊन पाहू." मग म्हणू लागले, "शिपाई पाहून येईल." शेवटी म्हणू लागले, "पाहायचे काय त्यात? आण इकडे." आणि झोके घेत घेत लिहीत, "पाहिले."

एका अर्जात लिहिले होते, गावची बारव ढासळते आहे. पंतांनी लिहिले "पाहिले", आणि दुसऱ्या दिवशी बारव दिसेनाशी झाली. दुसऱ्या अर्जात लिहिले होते, नदीवरच्या साकवाच्या फळ्या कुजल्या आहेत. पंतांनी लिहिले "पाहिले", आणि साकव दिसेनासा झाला. लोकांनी आरडाओरडा केला. पंतांनी त्याच दौतीत बोरू बुडवून लिहिले, "चौकशी चालू आहे." शाईने ती चौकशीही नाहीशी केली, पण ती मुळात कुणालाच दिसली नव्हती, म्हणून फरक कळला नाही. लोक सोशिक. बायका तीन कोसांवरच्या झऱ्याला जाऊ लागल्या, आणि नदी जो तो छातीएवढ्या पाण्यातून ओलांडू लागला.

मग चैत्र आला, आणि तान्हाई कचेरीखाली येऊन बसली.

ही तान्हाई नगारखान्यातली. चाळीस वर्षे तिने पहाटेचा नगारा वाजवला, मग मनगट गेले. राजाच्या कोठारातून तिला तहहयात जोंधळा बांधून दिला होता, आणि त्यासाठी दर चैत्रात हयातीचा दाखला लागे. कारभाऱ्याने आणि मागून राजाने तिला पाहावे आणि लिहावे, "पाहिले." गुडघे दुखत होते, एकवीस पायऱ्या चढवेनात, म्हणून ती खालच्या पायरीवर बसून राहिली. सकाळची दुपार झाली.

वरून पंतांनी विचारले, "खाली कोण आहे रे?"

शिपाई डोकावून म्हणाला, "कुणी नाही. एक म्हातारी आहे."

"बरे," पंत म्हणाले आणि लिहिले, "पाहिले."

त्या क्षणी तान्हाई दिसेनाशी झाली. शिपायाने दाखला कोठारावर पोचवला, आणि तिला स्वतःला ते तिथे कळले. कोठीवाल्याने दाखला पाहिला, समोर पाहिले, आणि हवेला म्हणाला, "कागदावर आहेस बाई, पण समोर नाहीस. माप कुणाच्या पदरात घालू?"

तान्हाई परत फिरली. एकवीस पायऱ्या बसत-उठत चढली आणि झोपाळ्यापाशी जाऊन म्हणाली, "कारभारी, मी दिसत न्हाई."

पंतांच्या हातातला विडा गळून पडला. समोर कुणी नव्हते. आढ्यावर एक साळुंकी राही. ती कचेरीत जन्मली होती आणि तिला सगळी दप्तरे पाठ होती. ती म्हणाली, "पंत, बारव गेली, साकव गेला, आता माणूस गेले. दौतीला विचारा."

"दौत काय सांगणार?"

"मग ज्याने दौत दिली त्याला विचारा. शाई काजळनाथाची आहे. आणि लवकर. दिसणे आज गेले, अमावास्येच्या सूर्यास्ताला आवाजही जाईल. मग ही बाई होती असे म्हणायलाही कुणी उरणार नाही."

पंत झोपाळ्यावरून उतरले. इथे मला त्यांचे कौतुक सांगितलेच पाहिजे. घाबरलेला माणूस आधी कागद लपवतो. पंतांनी आधी चपला शोधल्या.

काजळनाथ टेकडीवरच्या गुहेत दिव्याची काजळी धरीत बसला होता. नगर वसण्याआधीपासून तो तिथेच होता. पुढे पंत, खांद्यावर साळुंकी, आणि मागे न दिसणारी तान्हाई, जी दर दहा पावलांवर म्हणत होती, "हळू चाला वो, तुमास्नी कुनी हाकलतंय का?"

काजळनाथ म्हणाला, "जे न पाहता पाहिले म्हणालास, ते पाहा. तिन्ही."

"दिसत नाही ते कसे पाहू, महाराज?"

"ज्यांना त्याची गरज होती, त्यांच्या पायांनी जा." एवढे बोलून तो पुन्हा काजळी धरू लागला.

पहिले काम बारवेचे. पंतांनी खांद्यावर घागर घेतली आणि बायकांबरोबर झऱ्याला निघाले. बायका हसल्या, मग त्यांचा चेहरा पाहून हसायच्या थांबल्या. एक खेप झाली. दुसरी झाली. तिसऱ्या खेपेला पोटऱ्यांत गोळे आले, वाट दिसेना, आणि जिथे काहीच नव्हते तिथे पाऊल घसरून पंत धडाधड खाली गेले. बसले ते बारवेच्या तळाशी. वर पाहतात तो पश्चिमेच्या पाच पायऱ्या निखळलेल्या.

"पाचच आहेत गं," ते साळुंकीला म्हणाले. "अर्जात पाचच लिहिल्या होत्या."

"अर्ज लिहिणारा पाहून लिहितो, पंत."

वर उभ्या बायकांना मात्र पंत हवेत खोल बसल्यासारखे दिसत होते. त्यांना बारव दिसली नाही. "दिसेल," पंत म्हणाले आणि लंगडत पुढे निघाले.

दुसरे काम साकवाचे. काठावर एक कुंभारीण मडक्यांची पाटी घेऊन उभी होती. पंतांनी पाटी डोक्यावर घेतली आणि पाण्यात शिरले. मधोमध पाणी छातीला लागले. तोल गेला, आधारासाठी हात वर केला, आणि हाताला फळी लागली. भिजून भुसभुशीत झालेली, बोट घातले तर आरपार जाणारी. मग सगळा साकव दिसला. कुंभारणीला काही दिसले नाही, पण एकही मडके फुटले नव्हते, म्हणून तिने तोंडभर आशीर्वाद दिला. पंतांना तो मडक्यांपेक्षा जड वाटला.

तिसरे काम तान्हाईचे. तोवर अमावास्या उजाडली होती आणि तान्हाईचा आवाज कुजबुजीएवढा उरला होता.

"तुझ्या पायांनी यायचे तर कुठून निघू?" पंतांनी विचारले.

"माज्या दारातनं," ती म्हणाली.

नगारखान्याच्या चढावर तिची खोली होती. तिथून कचेरीपर्यंत ती पंतांच्या खांद्यावर हात ठेवून चालली. हात दिसत नव्हता, भार कळत होता. पंत तिच्या चालीने चालले. ती थांबली की थांबले. चौदा वेळा थांबले. चौदाव्या वेळी तिने काही सांगितले, ते पंतांना ऐकूच आले नाही. कचेरीपाशी येऊन ते तिच्या शेजारी खालच्या पायरीवर बसले. दगड तापला होता. धुळीने पंतांचे पागोटे मातकट झाले होते, चेहरा ओळखू येत नव्हता. वर खिडकीत झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. मालक बाहेर आहे म्हणताच शिपाई झोपाळ्यावर बसला होता.

आतून एका कारकुनाने विचारले, "खाली कोण आहे रे?"

शिपाई डोकावून म्हणाला, "कुणी नाही. एक म्हातारा आहे."

पंतांनी ते ऐकले. त्यांनी वळून शेजारी पाहिले, आणि तान्हाई दिसली. ठेंगणी, हिरवे लुगडे नेसलेली, कपाळावर तुळशीचे गोंदण, उजव्या हाताची बोटे वाजवून वाजवून चपटी झालेली. ती त्यांच्याकडेच पाहत होती. पंत लहान मुलासारखे रडले.

दोघे कोठारावर गेले, पण कोठीवाल्याला ती दिसली नाही. रस्त्याने जाणाऱ्यांना दिसली नाही. सूर्य कलला.

"साळुंके, तिन्ही पाहिले. मग?"

"दाखला उघडा, पंत. तुमच्या शेऱ्याखाली काय आहे?"

पंतांनी कचेरीतून दोन्ही अर्ज आणवले आणि कोठीवाल्याकडचा दाखला उघडला. खाली राजाच्या वळणदार अक्षरात लिहिले होते, "पाहिले." बारवेच्या अर्जावर तेच. साकवाच्या अर्जावर तेच.

पंत तसेच, धुळीच्या अंगाने, दरबारात गेले. चोपदार आडवा आला, त्याला म्हणाले, "मी कारभारी आहे. पाहून घे." राजासमोर त्यांनी शिक्का काढून ठेवला.

"महाराज, मी न पाहता लिहिले."

राजा रागावला. "आम्ही तर तुमचे ‘पाहिले’ पाहून लिहिले."

"आणि मी शिपायाचे ‘कुणी नाही’ ऐकून."

राजाचा हात तलवारीवर गेला. पंत म्हणाले, "शिक्षा उद्या द्या, महाराज. आज सूर्य आहे तोवर खाली चला."

राजा वाईट नव्हता. त्यालाही कुणी जा म्हटले नव्हते, एवढेच. तो सिंहासनावरून उतरला आणि पंतांच्या मागे कोठारापाशी आला. "कुठे आहे ती?"

"ही काय, समोर."

राजाने डोळे ताणून पाहिले. कोठाराची भिंत तेवढी दिसली. "बाई," तो म्हणाला, "बोल काही."

तान्हाई बोलली. तिचे ओठ हललेले पंतांना दिसले, पण आवाज आता त्यांनाही आला नाही. सूर्य वेशीच्या कमानीला टेकला. तान्हाईने इकडेतिकडे पाहिले. कोठीवाल्याची रिकामी पायली तिथे पालथी पडली होती. ती खाली बसली आणि दुखऱ्या मनगटाने पायलीवर बोटे टाकू लागली.

आधी हळू, मग भरदार. पहाटेचा ठेका.

राजा जागीच थबकला. पाळण्यात होता तेव्हापासून तो या ठेक्यावर जागा होत आला होता. बाप गेला त्या पहाटे हाच ठेका वाजला, राज्याभिषेकाच्या पहाटे हाच वाजला. गेली काही वर्षे नगारा परका वाटत होता आणि त्याने एकदाही का म्हणून विचारले नव्हते. "हा हात आमच्या ओळखीचा आहे," तो म्हणाला. "चाळीस वर्षे आम्हाला उठवणारे कोण, हे आम्ही कधी पाहिलेच नाही."

त्याने गुडघे टेकले, आणि त्याला चपटी बोटे दिसली, मग मनगट, मग हिरवे लुगडे, मग कपाळावरचे तुळशीचे गोंदण. कोठीवाल्याला दिसली, शिपायाला दिसली, साऱ्या पेठेला दिसली.

"दिसले का मी?" तान्हाईने विचारले. आवाज खणखणीत होता.

"दिसलीस," राजा म्हणाला.

"मंग आता माप घाला. लई वेळ झाला."

त्याच ठिकाणी दौत आणवली. तिन्ही कागदांवर राजाने आणि कारभाऱ्याने आपापले शेरे खोडले आणि सर्वांदेखत लिहिले, "पाहिले नव्हते." शाईने ते खरे मानले. झऱ्यावरून परतणाऱ्या बायकांना वाटेत बारव दिसली, कुंभारणीला साकव दिसला, आणि दुसऱ्या दिवशी गवंडी व सुतार निघाले.

राहिली शिक्षा. ती राजाने तान्हाईला विचारली. तिने झोपाळा मागितला. तो वरून काढून खालच्या पायरीपाशी टांगला. अर्ज घेऊन येणारे आता त्यावर बसतात आणि कारभारी उभ्याने त्यांचे ऐकतो. शेराही बदलला. त्या नगरात आता नुसते "पाहिले" चालत नाही. "गेलो. पाहिले." असे लिहावे लागते, राजालासुद्धा.

आणि दर चैत्रात कारभारी आणि राजा नगारखान्याचा चढ चढून तान्हाईच्या दारात उभे राहतात. हयातीचा दाखला आता त्यांना लागतो, आणि तो ती देते. शिपाई बोरू घेऊन बसतो. ती दोघांना वळून उभे राहायला लावते, वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि सांगते, "लिव्ह रं. पाहिले. दोगं बी हयात हायेत. पंत जरा वाळलाय, पर चालतंय."

ही कहाणी इथे पुरी झाली. ज्यांनी ऐकली त्यांचे गाऱ्हाणे कुणी ना कुणी पाहो. आणि ज्यांनी न ऐकताच मान डोलावली, त्यांनी पहिल्यापासून पुन्हा ऐकावी.