माळेखिंडीचं चुळीचं टाकं

हे समोर हिरवं पाणी दिसतंय ना, त्याला चुळीचं टाकं म्हणतात. आरोग्य केंद्रानं इथं 'पाणी पिण्यास अयोग्य' असा बोर्ड लावलाय, तो खरा आहे. नवरदेवांना मात्र तो लागू नाही. का लागू नाही ते सांगतो, तोवर कठड्यावर बसा. शेवाळ आहे, जपून. वरच्या अंगाला दुसरं टाकं आहे ते देवीचं, पिण्याचं. ते चैत्रात आटतं. हे आटल्याचं कुणालाच आठवत नाही. बेडूक दोन्हीकडं आहेत, पण वरचे सगळे एकसारखे ओरडतात आणि इथला प्रत्येक जण आपापलं ओरडतो. यावर अजून कुणी संशोधन केलेलं नाही.

असं सांगतात, की ही खिंड आधी रिकामी होती. एका अंगाला खाली कोकण, दुसऱ्या अंगाला देश, आणि मधे नुसता वारा. मग एक मोठा दुष्काळ पडला आणि पाण्याच्या आशेनं माणसं चहूकडनं इथं चढून आली. कुणी खाडीकाठची, कुणी माणदेशातली, कुणी पार खानदेशातनं गुरं हाकत आलेली. पाणी सगळ्यांना पुरलं, पण बोली प्रत्येक झोपडीची वेगळी. एका दुपारी एका झोपडीला आग लागली. घरधनी ओरडत पळत आला, पण ओरडला आपल्या बोलीत. शेजाऱ्यांना वाटलं, हा रोजच्यासारखा भांडायला आलाय, म्हणून त्यांनी पण दोन शब्द सुनावले. सगळ्यांना कळेपर्यंत झोपडी गेली, आणि आत निजलेली त्याची आई गेली.

त्या राखेजवळ बसून माणसांनी सांगाईला नवस केला. सांगाई म्हणजे आमची गावदेवी. आजपासनं या खिंडीत एका वस्तूला एकच शब्द, आई, आमचं एकमेकांना कळू दे. मग शब्द ठरवायला बसले. भांड्याकुंड्यांवर म्हणे फार ताणलं गेलं. पळी, डाव का ओगराळं, यावर अख्खा पावसाळा गेला आणि तोवर लोकांनी आमटी वाटीनंच वाढून घेतली. ठरलेले शब्द ठेवले. उरलेले ज्यानं त्यानं तोंडात घोळवले आणि या टाक्यात चूळ टाकून सोडून दिले. काही जण रडले. पण त्यानंतर खिंडीत कुणी हाक मारली की अख्खं गाव उठायचं. नियम चांगला होता, हे आधीच सांगून ठेवतो.

नियम राखायचं काम बोलकरांच्या घराकडं आलं. बोलकर वेशीवर बसायचा. कुणाच्या तोंडातनं बाहेरचा शब्द आला की त्याला इथं आणून चूळ भरायला लावायचा. सगळ्यात जास्त चुळा नव्या सुनांच्या. सून लग्न होऊन आली की माप ओलांडायच्या आधी टाक्यावर यायची, माहेरची बोली तोंडात धरायची आणि थुंकून टाकायची. मगच घरात. पाणी वाढत गेलं.

काळ थांबत नाही, पण नियम थांबलेला. बाहेरनं नव्या वस्तू यायला लागल्या आणि त्यांना गावात शब्द नव्हते. चहाला 'तांबडा काढा' म्हणायचं ठरलं, तेव्हा तो फक्त खोकला झाला तरच प्यायचा. छत्रीला 'हातछप्पर'. बटाट्याला 'परका कंद', आणि परका असल्यामुळं तो कुणी पोटभर खाईना.

बायका मात्र दुपारच्या वक्ताला धुणं घेऊन याच टाक्यावर यायच्या. वरच्या टाक्याचं पाणी घराजवळ असताना. पाण्यातनं बुडबुडे येतात आणि त्यांचा बारीक आवाज होतो, हे पुरुषांना माहीत होतं. बायका त्या आवाजाजवळ फार वेळ बसायच्या आणि आधीच धुतलेली लुगडी पुन्हा धुवायच्या.

तर या बोलकरांच्या घरात सोनजी नावाचा बोलकर होऊन गेला. त्याची बायको आवडा, खालची, खाडीकाठची. लग्नात सोनजीच्या बापानं तिला इथं उभं करून चूळ भरायला लावली. घरी जाताना वाटेत तिला ठेच लागली आणि माहेरचा 'आवशी गो' तोंडातनं निघाला, तशी म्हाताऱ्यानं वरात परत फिरवून पुन्हा चूळ भरून घेतली. मुलगी जिद्दीची. तिनं गावची बोली अशी काही शिकून घेतली की पुढं ती लोकांच्या चुका काढायला लागली. सोनजीला झोपेत चुकताना पकडलं तिनं, असं सांगतात. सोनजीला तिचं भारी कौतुक. वेशीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, की माझ्या घरात येऊन बघा, बोली काय असते. त्यानं तिच्या माहेरचा एकही शब्द उभ्या संसारात ऐकला नाही, आणि हे सुख आहे असंच त्याला वाटायचं.

मग दोघं म्हातारी झाली आणि आवडाई तापानं पडली. ताप उतरला, पण जाताना तिचे शब्द घेऊन गेला. आधी गेले ते गावचे. पाण्याला काय म्हणतात ते गेलं, सुनेचं नाव गेलं. ज्या बोलीसाठी सोनजी मिरवायचा ती सगळी गेली, आणि खाली काय राहिलं होतं ते वर आलं. ती भिंतीकडं तोंड करून एवढंच म्हणायची, "आटवल दे गो."

आटवल म्हणजे काय, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. सून हौसानं घोंगडी आणली. आवडाईनं मान हलवली. केरसुणी आणली. उशी आणली. शेजारची शेळी आणली, ती तेवढ्यात अंगणातली तुळस खाऊन गेली. कुणीतरी म्हणालं, माणूस असेल, म्हणून न्हाव्याला आणून समोर उभा केला. तो बिचारा हात जोडून उभा राहिला. आवडाईनं त्याच्याकडं बघून डोळे मिटून घेतले. हौसा रोज मऊ गुरगुट्या भात करायची, वर तूप, चवीला मीठ. "आत्याबाई, गुरगुट्या भात, दोन घास घ्या." आवडाई तो हातानं बाजूला सारायची. वैद्य नाडी बघून म्हणाला, आजार आता नाहीच. पोटात काही जात नाही, तेवढंच. आणि असंच राहिलं तर फार दिवस नाहीत.

सोनजी वेशीवर जायचा थांबला. बायको काहीतरी मागतेय, आपण जवळ बसलोय, आणि आपल्याला कळत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. शेवटी तो ठकूआजीकडं गेला. ही पण त्याच खाडीकाठची, आवडाईच्या आधी खिंडीत नांदायला आलेली, दात सगळे गेलेले, जीभ शाबूत. त्यानं विचारलं, आटवल म्हणजे काय.

ठकूआजी शेंगा निवडत होती. निवडतच राहिली. मग म्हणाली, "म्हाईत आहे मला. पण तो शब्द मी तुझ्या बापासमोर थुंकलाय, सोनजी. थुंकलेलं मी गिळत नाही. तुला पायजे तर तू गीळ."

हा टोमणा होता. सोनजीनं तो पत्ता म्हणून घेतला.

तो तिथनं उठला आणि भर दुपारी सरळ इथं आला. बायका धुणं धूत होत्या. नियम राखणारा बोलकर आला म्हटल्यावर सगळ्या गप्प झाल्या. तो या इथंच, तुम्ही बसलाय तिथं, गुडघ्यावर बसला. पिढ्यान्‌पिढ्या गावानं थुंकलेलं पाणी त्यानं ओंजळीत घेतलं, डोळे मिटले आणि प्याला.

लगेच काही झालं नाही. त्याला ठसका लागला. त्यानं मिशी पुसली. एका बाईनं हळूच विचारलं, की मामंजींना उलटीला भांडं आणू का. तेवढ्यात सोनजी बोलायला लागला. काय बोलतोय ते त्याचं त्यालाच कळेना. कुठली पाळण्यातली हाक, कुठल्या पिठाचं नाव, वासराला बोलवायचा शब्द, आत्याला लाडानं म्हणायचं काहीतरी. सगळं एकापाठोपाठ, वेगवेगळ्या गावांचं. आणि म्हणे काठावरच्या बायका एकेक करून उभ्या राहायला लागल्या. एकजण म्हणाली, हे माझं आहे. एकीला हसू आवरेना. एक माणदेशची होती, ती ओलं लुगडं तोंडाला लावून रडत बसली, कारण तिच्या आईशिवाय ते कुणीच म्हणायचं नाही. कितीतरी शब्दांना कुणी पुढं आलं नाही. त्यांच्या बायका कधीच गेल्या होत्या.

सगळ्यात शेवटी आटवल आली. शब्द तोंडात आला तसा त्याचा अर्थही आला. आटवल म्हणजे मऊ शिजवलेला, आजाऱ्याला द्यायचा भात. गुरगुट्या भात. तोच, जो रोज तिच्या उशाशी निवत होता.

तो घरी आला. हौसानं नुकताच भात करून ठेवला होता. तेच भांडं, तेच तूप. त्यानं ते उचललं, बायकोच्या खाटेशी बसला आणि म्हणाला, "आवडे, आटवल आणलीय."

आवडाईनं भिंतीकडचं तोंड इकडं फिरवलं. भाताकडं बघितलं, मग बराच वेळ त्याच्याकडं. तिला तो ओळखू आला नाही. एवढा जवळचा बोलणारा हा म्हातारा कोण, असं काहीतरी तिच्या डोळ्यात होतं.

"तू खंयचो रे?" तिनं विचारलं. म्हणजे तू कुठला.

आयुष्यभर वेशीवर बसून दुसऱ्यांचे शब्द पकडणारा सोनजी भांडं घेऊन पुढं वाकला. मग म्हणाला, "हंयचोच. तुझो."

तिनं तोंड उघडलं आणि त्यानं घास भरवला. भांडं संपेस्तोवर ती खात होती. हौसा चुलीपाशी उभी राहून रडली आणि रडता रडता दुसरा भात टाकला. आवडाई त्यानंतर किती जगली यावर गावात दोन मतं आहेत. एक म्हणतं पुढची होळी बघितली, दुसरं म्हणतं नातवाचं लग्न बघितलं. तिनं पुन्हा गावची बोली बोलली नाही, यावर मात्र एकमत आहे. सोनजीच तिची शिकला.

त्याच संध्याकाळी गाव देवळात जमलं. बोलकरानंच नियम मोडला होता. शिक्षा म्हणजे चूळ भरून शब्द थुंकणं, पण यानं तर गिळलेले. बाहेर कसे काढायचे यावर वैद्याचं मत घेण्यात आलं, आणि त्यानं सांगितलेला उपाय ऐकून विषय सोडून देण्यात आला. एक म्हातारा तावातावानं म्हणाला, की नवसाचं काय, उद्या जो तो आपापलं बोलेल आणि पुन्हा एखादं घर जळेल. त्याचं खोटं नव्हतं. गावाला भीती होती ती खरीच होती.

सोनजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की नवस एका शब्दाचा नव्हता, एकमेकांना कळण्याचा होता. आपण शब्द धरून बसलो आणि कळणं सोडलं. मग त्यानं नवा नियम सांगितला, तोच आज चालतो. "ज्याला जे बोलायचंय ते बोलू दे. पण समोरच्याला कळलं नाही, तर त्याच्याशेजारी बसायचं आणि कळेपर्यंत सांगायचं. मधेच उठायचं नाही." देवीला कौल लावला. फूल उजवं पडलं. डाव्या बाजूला एक मांजर झोपलेलं होतं, पण कौल तो कौल.

तेव्हापासनं माळेखिंडीत नवरी चूळ भरत नाही. वरात टाक्यावर येते, नवरी माहेरचा आपल्या आवडीचा एक शब्द सांगते, आणि नवरदेव ओंजळभर पाणी पिऊन तो शब्द सगळ्यांसमोर म्हणतो. मग तो त्या घरचा होतो. गेल्या खेपेचा नवरदेव पाणी उकळून आणतो म्हणाला. नवरीनं परवानगी दिली, कारण तिच्या शब्दाचा अर्थच 'भित्रा' असा होता.

बोलकरांचं घर अजून आहे आणि अजून कामाला आहे. मधे शाळेतल्या पोरी वेशीवर 'रील, रील' करत होत्या आणि एका आजींना ते कळेना. बोलकरानं पोरींना तिथंच बसवलं. आजींना समजेपर्यंत दिवस मावळला. काही म्हातारी माणसं अजून कुरकुरतात, की बोली बिघडली. त्यांच्याशेजारी पण बसावं लागतं, काय बिघडलं ते समजून घ्यायला. नियम दोन्हीकडनं आहे.

चला, ऊन चढलं. हौसाच्या वंशातली बाई खाली जेवणाचं बघते, तुमची पानं तिथं मांडलीत. एक आधीच सांगून ठेवतो. आजही या गावात पाहुणा असो की आजारी, ताट समोर ठेवलं की घरची बाई आधी विचारते, "याला तुमच्याकडं काय म्हणतात?" आणि तुम्ही जे म्हणाल, तेच म्हणून ती पहिला घास वाढते. तेव्हा लाजू नका. पुस्तकातलं नाव सांगू नका, शहरातलं सांगू नका. तुमची आई जे म्हणायची, ते सांगा.